अंधारमावशी आणि दोन फटी

महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या सहायिकेला सगळे अंधारमावशी म्हणतात. ‘दिवा बंद करा’ हे त्यांचं दिवसातलं पहिलं वाक्य आणि बहुधा शेवटचंही.

परवा अकरा वाजता तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी बजावलं होतं, अंधारखोलीत काही चालतं हे समितीला दिसलं नाही, तर तिथे मोडक्या खुर्च्या जातील. म्हणून मावशींनी पुंज व्यतिकरणाचा प्रयोग मांडला. प्रकाशाचा एकेक कण दोन बारीक फटींकडे सोडायचा. कॅमेऱ्यावर प्रत्येकाचा एक ठिपका उमटतो. हजारो ठिपके साठले की काळे-उजळ पट्टे दिसतात.

अकराला दहा कमी असताना पट्टे नव्हते. नुसता धुरकट डाग.

“फटींना हात कोणी लावला?”

“मीच,” नवे सर म्हणाले. ते मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे. “प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणारी फिल्म असते ना, पोलरॉइड, तो डाव्या फटीवर उभा चिकटवला, उजवीवर आडवा. कण कुठून आला हे समितीला दाखवता यायला नको?”

मावशींनी कपाळावर हात मारला. “अहो सर, वाटेची खूण ठेवली की पट्टे गेले! दरवर्षी पोरांपुढे घसा फोडते. आता तुम्हीही?”

“पण पट्टे तर कण एकमेकांवर आदळल्यानं...”

“कोणावर आदळणार? आत एका वेळी एकच असतो! त्याच्यापुढे दोन वाटा असतात. त्या दोन शक्यता एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे एक दुसरीला खोडते. हेच व्यतिकरण. वाट ओळखता आली की ते संपलं.”

चिकटवलेलं खरवडलं तर फटीच गेल्या असत्या. मावशींनी तिसरा पोलरॉइड घेतला आणि फटी व कॅमेऱ्याच्या मध्ये पंचेचाळीस अंशांत तिरका धरला. त्यातून बाहेर पडणाऱ्या कणावर उभी-आडवी खूण उरत नाही. हातानंच धरावा लागला, कारण स्टँडवर सरांनी फोटोसाठी मोबाइल लावला होता. जुने ठिपके पुसून मोजणी पुन्हा सुरू झाली.

समिती आत आली तेव्हा पट्टे उमटू लागले होते.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “पण कण नेमका कोणत्या फटीतून जातो?”

सरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींचा हात भरून आला होता.

“साहेब, ते कळायला लागलं की खोलीत खुर्च्या येतील,” त्या म्हणाल्या. “आणि तो दिवा कोण लावतंय? बंद करा!”