एकटीला ताडी मिळत नाही

पिंपळनेरच्या बाहेर शिंदीची झाडं होती आणि त्यांच्या सावलीत एक बाई ताडी विकायची. पहाटे उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत मडक्यातच आपोआप आंबायचा. तिने फक्त वाट पाहत बसायचं, आणि बसण्यात ती पटाईत होती.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी चाळीसगावहून नुकती तिथे आलेले, आणि स्वतःला मोठी शहाणी समजायचे. कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून पदर ओढून तिच्याकडे गेले. गावात मला ओळखणारं माणूसच नव्हतं, हेच तर माझं दुखणं; पण एवढी अक्कल कुठली!

“औषधाला हवी,” मी ऐटीत म्हटलं.

ती गालात हसली. “एकलीले मी देस नही, बाई. बस आठे. कोनी नही उनं, ते मी शे ना.”

कोणी आलं नाही. मग म्हटल्याप्रमाणे तीच माझ्या सोबतीला बसली, तिने पळसाच्या पानांचे दोन द्रोण भरले आणि धरणीमातेला म्हणून मातीवर थेंबभर सांडून एक माझ्या हातात दिला. आंबटगोड घोटाबरोबर झाडं हलकी झाली, मधमाश्या दूर कुठेतरी गुणगुणू लागल्या. मी आईबद्दल, माहेरच्या अंगणाबद्दल बोलत सुटले. ती नुसती “हां, माय” म्हणत राहिली. सावली कधी सरकली, कळलंच नाही.

घरी यांनी विचारलं, “कुठे होतीस?”

“मैत्रिणीकडे.”

“अरे वा! नाव काय तिचं?”

मी तोंडावर पदर धरला, वास लपवायला आणि हसूही. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.