ठमीची पहिली तीन वर्षं

एक्स-रेच्या खोलीत दिवसभर "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" म्हणून म्हणून संध्याकाळपर्यंत आत्याचा स्वतःचाच श्वास संपत आलेला असायचा. आत्या ती फक्त भावाच्या मुलीची, ठमीची. पण ठमी जन्मली आणि घरात सगळेच तिला आत्या म्हणायला लागले, तिला जन्म देणारी तिची स्वतःची आईसुद्धा. आईची त्याच दिवशी आजी झाली आणि ती हुकूम सोडायला मोकळी झाली.

ताजा हुकूम असा होता: रविवारी धाकट्याची, म्हणजे ठमीच्या बाबाची, नवी बायको घरात येणार, पाहुणे जमणार, तेव्हा टीव्हीवर घरातले दहा वर्षांचे फोटो एकामागून एक दाखवायचे. आणि त्यात घटस्फोट झालेली पहिली सून औषधालाही दिसता कामा नये.

"धाकट्याला सांग की. लग्न त्याचं आहे," आत्या म्हणाली.

"त्याला वेळ कुठाय?"

वेळ काय तो आत्याकडेच उतू चाललेला. जे काम घरात कुणाचंच नसतं ते बिनलग्नाच्या बहिणीचं असतं, एवढं तिला पाठ होतं.

गुरुवारी दुपारी सुटी होती. झोपायचं सोडून ती कॉम्प्युटरपुढे बसली. त्यातल्या फोटोंच्या सॉफ्टवेअरने चार हजार फोटो चेहरे ओळखून आपणहून गटांत लावून ठेवले होते. आजीचा गट, धाकट्याचा, ठमीचा, आणि त्या पहिल्या सुनेचा, वहिनीचा. आत्याचा गटच नव्हता. फोटो काढायची तीच, मग तीन-चार फोटोंवरून तिला कोण ओळखणार?

तिने वहिनीचा गट उघडला, सगळे नऊशे बारा फोटो निवडले आणि काढून टाकले. सुंठीवाचून खोकला गेला. उरलेले फोटो लावून तिने आजीला हाक मारली आणि खुर्चीत पाय पसरले.

धाकट्याचा पदवीचा फोटो गेला, घराला रंग दिला तो गेला, आणि एकदम आली ठमी, बालवाडीच्या गणवेशात, पाठीला दप्तर लावलेली.

"आधीची कुठाय?" आजीने विचारलं. "रांगतानाची? ही काय दप्तर घेऊनच जन्मली?"

त्या वयाचं पोर फोटोत एकटं नसतंच. जिच्या कडेवर ठमी वाढली तिला आत्याने एका बोटाने उडवलं होतं, आणि ठमीची पहिली तीन वर्षं तिच्याबरोबर गेली होती.

"त्या सगळ्या फोटोंत वहिनी आहे," आत्या म्हणाली. "तू गुडघे धरून बसलेली, धाकटा दौऱ्यावर, मी ड्यूटीवर. दुसरं कोण घेणार होतं तिला?"

आजी म्हणाली, "तेवढी बाजू कापून टाक."

काढलेले फोटो महिनाभर वेगळ्या कप्प्यात पडून असतात, म्हणून बरं. आत्याने ते परत आणले आणि कापायला घेतले. चौकटीची कड ओढली की वहिनीचं डोकं जायचं, खांदा जायचा. हात मात्र जाईना. कधी ठमीच्या पोटाभोवती, कधी काखेखाली, कधी मानेमागे. तो कापावा तर ठमीच कापली जायची. वीस फोटो झाले आणि आत्याला रडू फुटायची वेळ आली. वहिनी वाईट नव्हती. धाकट्याशी पटलं नाही, एवढंच. अजून ती महिन्यातून एकदा ठमीला भेटायला यायची आणि फाटकाबाहेरच थांबायची.

तेवढ्यात ठमी शाळेतून आली, दप्तर पाठीवर तसंच.

"हा आईचा हात," ती स्क्रीनकडे बघून म्हणाली.

"कशावरून?"

"घड्याळ बघ ना. ती मनगटाच्या आतल्या बाजूला घालते." मग तिने विचारलं, "बाकीची आई कुठाय?"

आजी खिडकीबाहेर बघायला लागली. आत्याने कापलेला फोटो पुन्हा मूळचा केला. एका क्लिकचंच काम. वहिनी जशीच्या तशी परत आली.

"इथेच आहे," आत्या म्हणाली.

"पाहुण्यांना काय सांगायचं?" आजीने हळूच विचारलं.

"ठमीची आई म्हणून सांग. जमत नसेल तर रविवारी टीव्ही बंद ठेव. मी आता एकही हात कापणार नाही."

आजीने चष्मा लावला. फोटोत तिच्याच पलंगाशी वहिनी उभी होती, केस विस्कटलेले, कडेवर ठमी आणि दुसऱ्या हातात आजीच्या गुडघ्यांची गरम पाण्याची पिशवी.

"दमलेली दिसतेय," आजी म्हणाली.

"होतीच," आत्या म्हणाली.