काकूंचा व्यायाम

इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोर राहणाऱ्या काकू रोज सकाळी गच्चीवर पाण्याने भरलेले दोन कॅन घेऊन व्यायाम करायच्या. साडी खोचून, मोबाइलमधल्या ट्रेनरकडे बघत उठाबशा काढायच्या. दम लागला की त्यालाच सांगायच्या, "थांब रे बाबा, तुझं वय काय, माझं काय."

त्यांचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांना खुर्चीत बसवायचं असलं की काकू मला हाक मारत, आणि मारताना त्यांचा आवाज अगदी बारीक होई. "मला एकटीला उचलता आलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

एका रविवारी हाक आलीच नाही. बघतो तर काका गॅलरीत खुर्चीवर बसलेले आणि घामाघूम झालेल्या काकू त्यांचे केस विंचरत होत्या. माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

पुढच्याच महिन्यात काका गेले.

परवा गच्चीवर काकू पुन्हा कॅन उचलताना दिसल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "लोक हसतील म्हणून आधी मी इथे यायला कितीतरी दिवस लाजले हो. तेवढे दिवस ते भिंतीकडे बघत पडून राहिले."