मलिकाबाईचं पथ्य

पोंभुर्ण्यात मलिकाबाईशी घासाघीस करून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. नवरा खुर्शीद गाद्या भरायचा, ही खोळी शिवायची आणि गिऱ्हाइकं सांभाळायची. एका वर्षी खुर्शीदची झोप उडाली, डोकं फिरलं आणि तो अर्ध्या बाजाराला फुकट गाद्या वाटायला निघाला. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लिथियमच्या गोळ्यांनी तो माणसात आला. फक्त गोळ्यांपायी हात जरासे कापायचे, टाके वाकडे पडायचे. तेवढंच मलिकाबाईच्या डोळ्यांत खुपायचं.

म्हणून भर उन्हाळ्यात ती दसरू वैदूकडे गेली. माणूस सरळ. त्यानं आधीच विचारलं, “डाक्टरची गोळी चालू हाये का, बाई?”

“नाई, भाऊ.”

हो म्हटलं तर तो औषध देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे वैदूपुढे डॉक्टरचं नाव काढायचं नाही आणि डॉक्टरपुढे वैदूचं. दोन्ही डगरींवर हात ठेवून माणसं खुशाल जगतात. दसरूनं मुळीची पूड दिली आणि पथ्य सांगितलं: मीठ बंद.

पथ्य पाळावं तर मलिकाबाईनं! वरण अळणी, भाजी अळणी, लोणचं कडीकुलपात. गोळ्याही चालूच. खुर्शीद घामानं निथळत कापूस पिंजायचा. त्याला मळमळ सुरू झाली, मग जुलाब. हात जास्तच थरथरायला लागले. मुळी आतला मळ काढते आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मग एका दुपारी तो उठायला गेला आणि कोसळला. बोलायला लागला तर शब्द जिभेवरच विरघळत होते. मिळेल ती गाडी करून तिनं त्याला चंद्रपूरला आणलं.

“दुसरं काही औषध चालू आहे? काढा, चूर्ण, पुडी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काईच नाई.”

रक्ताचा रिपोर्ट आला. लिथियम भलतंच चढलेलं. डॉक्टरीणबाई खाटेशी वाकल्या. “खरं सांगा, बाई. यांनी जीव द्यायला मूठभर गोळ्या खाल्ल्या का?”

खुर्शीदनं ते ऐकलं. त्यानं जोरजोरात मान हलवली, पण तोंडातून नुसता आवाज निघाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बिचाऱ्याला स्वतःची बाजूही मांडता येईना. ते मात्र मलिकाबाईला सोसलं नाही.

“नाई हो, म्याडम! यायनं काई नाई केलं. मीनंच मुळी चारली. मीठ बंद केलं, खडाभरबी नाई देल्लं.”

“मीठ?” त्या ताठ झाल्या. “अहो, मीठ तुटलं की ही गोळी अंगातून बाहेर पडत नाही. साचते, विष होतं तिचं.” गोळी बंद झाली, सलाइन लागलं. मग मलिकाबाईकडून नंबर घेऊन त्यांनी दसरूलाच स्पीकरवर फोन लावला. त्यानं काही न लपवता मुळीचं नाव सांगितलं.

“वेळेत बोललात, वाचतील,” त्या मलिकाबाईला म्हणाल्या.

फोन चालूच होता. “बाई,” पलीकडून दसरूचा आवाज आला, “मी तुमाले इचारलं होतं.”

“मीपण विचारलं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मलिकाबाईनं खुर्शीदचा कापणारा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. “दोघायलेबी मी खोटं सांगतलं,” ती म्हणाली. “हे मेले असते तं माह्याच हातानं मेले असते.”