मागच्या अंगणातली खोली आणि एक रविवार

आई गेल्यावर बाबा सांगलीहून आमच्याकडे म्हैसूरला राहायला आले. आयुष्यभर त्यांनी तंत्रशाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं होतं. कुवेंपुनगरातल्या आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथं त्यांनी जुन्या फळ्या आणून एक लाकडी खोली उभी केली. वर पत्रा, आत कुदळ, पाण्याची नळी, खताची पोती. सात-आठ पावसाळ्यांत तिचा हिरवा रंग उडाला, पोपडे सुटले आणि खालच्या फळ्यांवर शेवाळ धरलं.

"हिला नीट रंगवू या," बाबा म्हणाले. "आधी सगळं खरवडायचं, पॉलिश पेपरनं घासायचं, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, मग प्रायमर. चार रविवार लागतील. तू आणि मी करू. शिकवतो तुला."

हे 'शिकवतो तुला' मला टोचलं. लहानपणी मी रंध्याला हात लावला की ते म्हणायचे, "हे तुझं काम नाही, बोट कापेल." परगावची पोरं आमच्या पडवीत बसून त्यांच्याकडून खुर्च्या करायला शिकली, मी त्यांना चहा नेऊन दिला. आता माझी पंचेचाळिशी, ऑफिस, मुलीची दहावी, आणि आता ते शिकवणार होते. मी म्हटलं, "बघू हं, बाबा." असं मी तीन महिने म्हणत राहिले.

दसऱ्याला सासरची मंडळी येणार होती. त्याच्या आधीच्या रविवारी बाबा कॉलनीतल्या ज्येष्ठांबरोबर कावेरीकाठच्या वाळूतली देवळं बघायला तलकाडला गेले. मला वाटलं, हीच वेळ आहे. दुकानातून निळ्या ऑइलपेंटचा डबा आणि दोन ब्रश आणले. आदल्याच रात्री पाऊस झाला होता, पण ऊन पडलं होतं. झाडूनं जाळी काढली, फडकं फिरवलं आणि सरळ रंग लावायला घेतला. पोपड्यांवर रंग, शेवाळावर रंग. कंपाउंडकडची मागची भिंत मात्र भराभर झाली. तिथं ब्रश कसा सुळसुळत चालला होता. एवढी एकच भिंत गुळगुळीत कशी, हा प्रश्न मला पडलाच नाही. चार वाजेपर्यंत मी मोकळी झाले.

संध्याकाळी बाबा आले. चपलांतली वाळू झटकून तसेच मागे गेले. मी पाठोपाठ.

"एका दिवसात उरकलं!" मी म्हटलं.

त्यांनी खोलीला फेरी मारली. मागच्या भिंतीपाशी जरा जास्तच थांबले. मग एका फळीवर नख दाबून म्हणाले, "लाकूड ओलं होतं ना गं?"

"दिसतंय ना छान?"

"दिसतंय," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पाहुण्यांनी निळ्या रंगाचं कौतुक केलं. ते गेल्यानंतर एके दिवशी शेजारचे टेलरकाका कंपाउंडपलीकडून बोलले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं असायचं.

"रंग मारला काय? आणि ते घासलेलं सगळं?"

"कुठलं घासलेलं?"

"अय्यो, तुम्हाला गोत्तिल्ला? माहीत नाही? तुम्ही आफिसला गेल्यावर तुमचे बाबा रोज दुपारी ही मागची बाजू घासायचे की. पंधरा दिवस. मी म्हटलं, सगळीच करून टाका ना. तर म्हणाले, नाही, ही लेकीला नमुना दाखवायला. बाकीच्या तीन तिच्या हातनं करून घेणार."

मी घरात आले. बाबा पेपर वाचत होते. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी विचारलं, "चहा टाकू?"

जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. उन्हाळ्यापर्यंत निळ्या रंगाला फुगे येऊन त्याची सालं लोंबायला लागली. मी चार दिवस रजा घेतली, बाबांची खुर्ची अंगणात सावलीत ठेवली आणि म्हटलं, "आता शिकवा."

ते हसले. मी खरवडायला लागले. कागद आडवा घासायचा की लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, तेही मला माहीत नव्हतं. मी वळून विचारायची, "असं?" ते मान हलवायचे. लांबी भरताना भेगेबाहेर ढीग झाला, तरी मान हलवली. एका फळीवर मी इतकं घासलं की मधोमध खड्डा पडला. सांगलीला अशा फळीसाठी त्यांनी एखाद्या पोराला सगळ्या वर्गासमोर उभं केलं असतं. मी फळीवर हात ठेवून म्हटलं, "बाबा, चुकलं ना हे? सांगा ना."

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. "चांगलं... झालंय."

दोनच भिंती झाल्या आणि माझी रजा संपली. उरलेल्या पुढच्या महिन्यात करू, असं मीच म्हणाले. त्या महिन्यात ते अंथरुणातून उठले नाहीत, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत गेले.

मागच्या भिंतीचं मला कळलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते कदाचित रागावले असते. निदान एकदा तरी मला ओरडले असते.