निळ्याखालचं लाल

मावशी चित्र नाकाने पाहतात, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. नेरच्या वाचनालयात त्या शिपाई होत्या आणि मी तिथल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घोकत बसायचे. जिन्यासमोरच्या भिंतीवर गावच्याच एका चित्रकाराने भेट दिलेलं मोठं चित्र होतं. निळ्या पाण्यात उभं एक दार, दाराला फुटलेली मुळं आणि वर कशासारखेच नसलेले तीन आकार. आम्ही त्याला ‘पाण्यातलं भूत’ म्हणायचो आणि पुढे जायचो. मावशी मात्र झाडलोट आटोपली की रोज त्याला नाक लावून उभ्या.

ही सवय कापसाच्या जिनिंग कारखान्यातली. तरुणपणी तिथे ढिगातला डागाळलेला कापूस वेचून बाजूला काढायचं काम त्या करत. “लांबून सारा कापूस पांढराच दिसते,” त्या म्हणायच्या. “जवळ गेल्याबिगर काई समजत नाई.”

एकदा मला दंडाला धरून त्यांनी चित्रापुढे उभं केलं. “पाय न जवळून, निळ्याखाली लाल आहे. आंधी लाल लावलं, मंग झाकलं. काहून झाकलं असंन?”

मी म्हटलं, “मावशी, हे परीक्षेत येत नाही.”

“म्हणूनच पाय.”

वर्षभर त्या भिंतीसमोरून ये-जा करूनही मला ते लाल दिसलं नव्हतं. माझा मलाच राग आला.

मग वाचनालयाला नवे अध्यक्ष आले. त्यांना त्या भिंतीवर स्वतःच्या सत्काराचा फोटो लावायचा होता. “अर्थ काय या चित्राचा? कोणाला तरी समजतं का? काढा ते,” त्यांनी मावशींना फर्मावलं.

मावशी खांद्यावर फडकं टाकून उभ्या राहिल्या. “साहेब, समजत नाई म्हणून काढाचं असंन, तं आंधी गणिताची पुस्तकं काढा.”

अख्खी अभ्यासिका हसली. अध्यक्ष हसले नाहीत. “चित्र काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

मावशींनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि चालत्या झाल्या. आम्ही तीस जण पुस्तकात तोंड खुपसून बसलो. त्यात मीही होते. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे त्या पुन्हा जिनिंगमध्येच दिसल्या, कापसाच्या ढिगापाशी बसलेल्या. मला रडूच आलं. “कायले अडून बसल्या मावशी? नोकरी गेली न!”

हात न थांबवता त्या म्हणाल्या, “नोकरी त्याईची होती, त्याईनं नेली. डोये तं माये आहेत.”

मावशी यंदा उन्हाळ्यात वारल्या. चित्र जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून पडलं आहे. मी आता तहसील कचेरीत कारकून आहे, आणि ते पुन्हा लावा म्हणून दर महिन्याला वाचनालयाला अर्ज देते. वाचनालयाच्या मागच्या बैठकीत मला बोलावून अध्यक्षांनी सगळ्यांदेखत विचारलं, “मॅडम, एवढं आहे तरी काय त्या चित्रात?”

मी उभी राहिले. म्हटलं, “बाहेर काढा. पाहू.”