सेटिंग पक्की करा

चहा घ्या, खारी घ्या, पण माझ्या तोंडाकडं बघून आत्ताच हसू नका. गोष्ट त्या तोंडाचीच आहे. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माणसानं काय करू नये ते सांगतो, आणि ऐकीव नाही, स्वतः करून बघितलेलं सांगतो.

झालं असं, की आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. प्रत्येकानं आपला फोटो टाकायचा ठरलं. मीही टाकला. फक्त तो पंधरा वर्षांपूर्वीचा होता, मेहुण्याच्या लग्नातला. खोटं काही नव्हतं हो त्यात. माणूस मीच होतो.

ग्रुप काढणारा आमचा बाळू. त्यानं लगेच लिहिलं, "दत्ता, लेका, तू अजून तसाच हायेस की." खाली तीस-बत्तीस जणांनी अंगठे लावले. एकीनं तर विचारलं, खातोस तरी काय? आता मी काय करायला हवं होतं? फोटो जुना आहे असं सांगायला हवं होतं. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दिवसभर खुशीत राहिलो.

महिन्याभरात बाळूनं सगळ्यांना भेटायला बोलावलं. वलवणला, धरणाच्या अलीकडं एका शेतावरच्या रिसॉर्टवर, रविवारी दहा ते पाच. मग मी पहिल्यांदा आरशात नीट बघितलं. तळेगावच्या कंपनीत पंचवीस वर्षं रात्रपाळ्या केलेलं तोंड ते. डोळ्यांखाली काळं, गालांवर वांग, नाकावर उन्हाचा डाग. चाळीस जणांसमोर हे घेऊन जायचं?

भाचीच्या लग्नात लोणावळ्याच्या एका पार्लरवाल्या मॅडमनी नवरीबरोबर नवरदेवालाही उजळून काढलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, मला तो मांडवात पाया पडताना जवळून दिसला म्हणून कळलं. मी त्यांचा नंबर मिळवला. घरात संशय नको म्हणून फोनमध्ये नाव ठेवलं, रमेश वेल्डर. हुशारी बघा माझी.

शुक्रवारी संध्याकाळी घरामागं पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून मी फोन लावला. टाकीच्या पलीकडं आमची शोभा वाळलेले कपडे काढत होती, हे मला माहीत नव्हतं. तिला फक्त माझं बोलणं ऐकू गेलं. ते असं.

"मॅडम, कुणाला म्हणजे कुणालाच कळता कामा नये. ... न्हाई, बायकोला तर अजिबात नको. ... दिवसभर टिकलं पायजे बरं का. कुणी गळ्यात पडलं तरी हलायला नको. ... व्हय, सेटिंग तेवढी पक्की करा. ... रविवारी सातला येतो. पुढून नको, मागच्या दारानं येतो."

तुम्हीच सांगा, यात काही गैर आहे? मेकअप झाला की शेवटी तोंडावर एक फवारा मारतात. मग तो घामानं वाहत नाही, पुसला जात नाही. त्या फवाऱ्याला ते लोक सेटिंग म्हणतात. पण आमच्या सोमाटण्यात सेटिंग दोनच प्रकारची असते. एक निवडणुकीतली. दुसरी मी सांगायला नको. आणि निवडणूक जवळपास कुठं नव्हती.

शनिवारभर शोभा माझ्याशी बोलली नाही. ताटात भाकरी वरून पडायची. मला वाटलं, डोकं दुखत असेल. संध्याकाळी तिनं एकच विचारलं.

"उंद्या किती वाजता निगायचंय?"

"सहाला."

"कार्यक्रम तर दहाचा हाय."

"तयारी आस्ती गं सगळी."

"आसंल," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी सातला मी मागच्या दारानं पार्लरमध्ये शिरलो. मॅडमनी गळ्याभोवती कापड बांधलं आणि विचारलं, "काका, नॅचरल हवंय ना?" काका म्हटल्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. त्या डॉक्टरसारख्या गप्प राहून काम करत होत्या. डोळ्यांखाली काही थापलं, गालांवर काही दाबलं, ओल्या स्पंजानं सगळं टिपलं, आणि शेवटी डोळे मिटायला सांगून फवारा मारला.

डोळे उघडले तर आरशात मेहुण्याच्या लग्नातला मी. तोंडावर काही लावलंय असं वाटतच नव्हतं. रात्री नीट झोप लागलेला, घरची काही काळजी नसलेला माणूस दिसत होता. खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटला.

रिसॉर्टवर पोचलो. उन्हात उभा राहिलो नाही. पाणी पितानाही पेला लांब धरला. तेवढ्यात बाळू पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि त्यानं मला कचकचून मिठी मारली. माझा गाल त्याच्या खांद्यावर. मेलो म्हटलं. तो बाजूला झाला तेव्हा मी त्याचा खांदा बघितला. स्वच्छ. एक ठिपका नाही.

"दत्ता, फोटोत दिसतो तसाच हाय रं तू," बाळू सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

मग मात्र मी उन्हात गेलो. बायकांच्या टेबलापाशी जाऊन दोन विनोदसुद्धा केले. मॅडम कलाकार बाई, यात वाद नाही.

साडेबाराला जेवणं सुरू झाली आणि फाटकातून शोभा आत आली. सोमाटणे फाट्यावरून एस्टी पकडून आली होती.

"ह्यांची बीपीची गोळी ऱ्हायली घरी," ती बाळूला म्हणाली. गोळी माझ्या खिशात होती. ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. बाळूनं "या वहिनी, या" करत तिला माझ्याच शेजारी बसवलं. ती जेवत नव्हती. एकेका बाईकडं बघत होती, अगदी शांतपणे, आणि मला का कोण जाणे घाम फुटला. तो घामही गालावरून नुसता ओघळून गेला, रंग तसाच.

माझा फोन टेबलावर होता. तो वाजला. वर नाव, रमेश वेल्डर. माझा हात भाजीनं बरबटलेला. शोभानं फोन उचलला आणि माझ्यासाठी म्हणून स्पीकरवर टाकला.

"हॅलो, मी बोलतेय," वेल्डर गोड आवाजात म्हणाला. "सेटिंग टिकलीय ना? कुणाला संशय तर नाही आला?"

आणि रेंज गेली.

शोभानं फोन हळूच खाली ठेवला, उठली आणि हात धुवायच्या नळाकडं चालू लागली. मी मागं धावलो.

"शोभा, आईची आन, तसलं काय न्हाई. मी... मी मेकअप केलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं असं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"मी साधी आसंन, येडी न्हाई," ती म्हणाली. "बापय मानूस मेकअप करतोय व्हय? कुटं हाय मेकअप?"

"हा काय, हितं. तोंडावर."

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि माझा गाल खसाखसा पुसला. पदर बघितला. पदर कोरा. मी साबण घेतला, तोंड घासघास घासलं. साबणाचा फेस पांढरा तो पांढराच. पाणीसुद्धा गढूळ झालं नाही. सकाळपासून मी देवाकडं जे मागत होतो ते देव मनापासून देत होता.

मी मॅडमना फोन लावला. बंद. कुठल्या तरी नवरीला बसवलं असणार.

तेवढ्यात बाळू आम्हाला शोधत आला. बुडत्याला काडी दिसली. मी म्हणालो, "बाळ्या, तुला शाळेची शपथ. माझ्या तोंडाकडं नीट बघ आन हिला सांग, काय दिसतंय?"

बाळूनं माझ्याकडं बघितलं, शोभाचे डोळे बघितले. मित्राला वाचवायचंय एवढं त्याला समजलं. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "वहिनी, कायसुदिक न्हाई. एकदम निर्मळ. दत्त्याच्या तोंडावर यक डाग दावा, बाळू आपलं नाव बदलंल."

"आईकलं?" शोभा मला म्हणाली. मग पिशवी खांद्याला लावली. "मी बेडशाला जाते, भावाकडं. तुमी तुमच्या वेल्डरकडं जावा."

आणि ती खरंच फाटकाकडं चालू लागली. विनोद तिथं संपला होता, मंडळी. मला दिसत होतं की ती गाडीत बसली की आज परत येणार नाही, कदाचित महिनाभर येणार नाही, आणि आली तरी माझ्याकडं तशाच डोळ्यांनी बघणार. आणि माझ्या निर्दोषपणाचा एकुलता एक पुरावा माझ्याच तोंडावर होता, तो कुणाला दिसत नव्हता आणि निघत नव्हता.

तेव्हा आठवलं, निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, काका, पाणी चालेल, घाम चालेल, तेवढं तेल लागू देऊ नका.

मी स्वयंपाकघरात घुसलो. आचारी मावशी भजी तळत होत्या.

"मावशी, तेल द्या."

"भजी घ्या की, तेल कशाला?"

"तोंडाला लावायचंय."

त्यांनी झारा पुढं धरला आणि दोन पावलं मागं सरकल्या. मी कोपऱ्यातल्या डब्यातलं गार गोडेतेल ओंजळीत घेतलं, डाव्या गालावर चोळलं आणि तिथलंच पांढरं फडकं उचलून ओढलं. फडक्यावर अख्खा गाल उतरून आला, गव्हाळ रंगाचा. उजवीकडं हात न्यायलाही वेळ नव्हता. फडकं झेंड्यासारखं धरून मी फाटकाकडं पळालो.

"शोभा, थांब. हे बघ, निघाला. मेकअप निघाला."

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की जेवणाची सगळी पंगत ताटं घेऊन फाटकापाशी आली. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते चाळीसही जण. उजवी बाजू मेहुण्याच्या लग्नातली, डावी बाजू आजची, आणि तिच्यावरून तेल ओघळतंय. कुणी हसलं नाही. बाळूचा हात छातीवरचा खाली आला.

शोभा परत आली. फडकं हातात घेतलं, हुंगलं, बोटानं चोळून बघितलं. मग माझी हनुवटी धरून तोंड आधी इकडं वळवलं, मग तिकडं. मी सगळं सांगून टाकलं. फोटो, पार्लर, फवारा, वेल्डर. ती ऐकत होती, पण बघत होती ती डाव्या गालाकडं. डोळ्याखालचं काळं, वांग, नाकावरचा डाग, सगळं नीट मोजल्यासारखं बघून झालं आणि तिचा चेहरा निवळला. मला वाटलं, फडक्यानं वाचवलं.

"तोंडावर कायबी लावता येतं, फडक्याला बी लावता येतं. त्याचं मला काय न्हाई," ती सगळ्यांच्या समोर म्हणाली. "पर ही बाजू बगितली आन पटलं. ह्या तोंडाच्या मागं कोन बाई लागतीय?"

आमच्या बॅचची चाळीस माणसं तिथं उभी होती, त्यांत सोळा बाया. एकीनंही हरकत घेतली नाही.